माउंट व्हिटनी एका दिवसात: सोडतीपासून कचरापेटीपर्यंत

कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनी या शिखराची चढाई फेब्रुवारीत, घरात, लॅपटॉपसमोर सुरू होते. १ फेब्रुवारी ते १ मार्च या काळात रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर परवान्याचा अर्ज भरायचा, १५ मार्चला सोडतीचा निकाल लागतो. एका दिवसात जाऊन येणाऱ्या फक्त १०० जणांना रोज परवाना मिळतो, वर मुक्काम करणाऱ्या आणखी ६० जणांना. १ मे ते १ नोव्हेंबर ही मर्यादा लागू असते. अर्जाचे ६ डॉलर भरायचे आणि विसरून जायचे. नंबर लागला तर माणशी १५ डॉलर वेगळे.

या सोडतीत दोघांनीच जाण्याचा फायदा होतो. एखाद्या तारखेच्या दोनच जागा उरल्या असतील तर सहा जणांचा अर्ज बाद होतो, दोघांचा बसतो. अर्जात एकापेक्षा जास्त तारखा देता येतात. आम्ही शनिवार-रविवार आणि पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री सोडल्या, कारण त्या सगळ्यांनाच हव्या असतात, आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले मंगळवार-बुधवार टाकले. दुसरी गोष्ट अनेक जण रिकामी सोडतात: अर्जात मुख्य नावाबरोबर पर्यायी प्रमुखाचं नाव लिहायची सोय असते. तिथे जोडीदाराचं नाव घालाच. परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि ऐन वेळी मुख्य माणूस आजारी पडला तर पर्यायी नाव नसल्यास सगळंच रद्द. नंबर नाही लागला तरी हातपाय गाळू नयेत. मुदतीत पैसे न भरलेले आणि नंतर रद्द झालेले परवाने त्याच संकेतस्थळावर परत येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरचे मधले वार रोज सकाळी पाहत राहिलं तर हाती लागू शकतात.

महिना कोणता, हा प्रश्न बर्फ आणि वीज या दोन गोष्टींवर सोडवायचा. जूनपर्यंत, आणि हिमवर्षाव जास्त झालेल्या साली जुलैतसुद्धा, वरची वळणं बर्फाखाली असतात. मग आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते) आणि ते वापरण्याचा सराव हवा. ते साधं चालणं राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून दमट हवा येते, उन्हाने तापलेल्या उतारांवरून ती वर चढते आणि दुपारी गडगडाट होतो. सप्टेंबरमध्ये हे दोन्ही धोके कमी होतात. बदल्यात दिवस लहान मिळतो आणि पहाटेची थंडी वाढते. हा सौदा आम्हाला परवडला.

आता डोंगराची मापं. शिखर १४,५०५ फूट, म्हणजे ४,४२१ मीटर. अलास्का वगळता अमेरिकेत याहून उंच शिखर नाही. वाट जाऊन-येऊन २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर, आणि चढ ६,१०० फुटांच्या वर. कळसूबाई १,६४६ मीटर. व्हिटनीला गाडी जिथे लावतो ते व्हिटनी पोर्टलच सुमारे २,५५० मीटरवर आहे, म्हणजे पहिलं पाऊल टाकायच्या आधीच आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा नऊशे मीटर वर असतो. वाट मात्र कुठेही अवघड नाही. हात लावून चढायचा कातळ नाही, शिड्या नाहीत. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरलेल्या माणसाला ही वाट हमरस्ता वाटेल. माणसं अडतात ती विरळ हवेने आणि घड्याळाने.

हवेचं आधी. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आतबाहेर असतो. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी. शरीर याची भरपाई करतं: श्वास जोरात होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मग मूत्रपिंडं रक्ताची आम्लता परत जागेवर आणायला लागतात. या शेवटच्या कामाला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. म्हणून शुक्रवारी लॉस एंजेलिसहून निघून रात्री लोन पाइनमध्ये झोपायचं आणि पहाटे चढायचं, हा बेत अगदी तंदुरुस्त माणसालाही ट्रेल क्रेस्ट या वरच्या खिंडीखाली डोकं धरून बसवतो. लोन पाइन गाव जेमतेम ३,७०० फुटांवर आहे, तिथे झोपून विरळ हवेचा सराव होत नाही. डेथ व्हॅली पाहून थेट इकडे येणारे तर समुद्रसपाटीच्याही ८६ मीटर खालून येतात!

आम्ही दोन रात्री हॉर्सशू मेडोजला तंबूत काढल्या. लोन पाइनहूनच वर जाणारा हा घाटरस्ता गाडीने सुमारे १०,००० फुटांवर नेतो. मधल्या दिवशी कॉटनवुड लेक्सपर्यंत, ११,००० फुटांपर्यंत, सावकाश चालून आलो. पहिल्या रात्री झोप तुटक लागते आणि मध्येच दचकून श्वास घेतल्यासारखं होतं. या उंचीला ते सर्रास होतं. दुसऱ्या रात्री बरंच निवळतं. या तळ्यांच्या डोक्यावर माउंट लँगली आहे. १८७१ मध्ये क्लॅरेन्स किंग हा भूशास्त्रज्ञ व्हिटनी समजून हाच डोंगर चढला होता. खुद्द व्हिटनीवर १८७३ मध्ये पहिल्यांदा पोचले ते लोन पाइनचे तीन मासेमार. किंगला फार हसू नये. गावातून पाहिलं की जवळचं लोन पाइन पीक भलंमोठं दिसतं आणि मागे सरलेलं व्हिटनी सुळक्यांच्या रांगेतलं एक टोक वाटतं.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, हे उंचीच्या त्रासावरचं औषध डॉक्टरांना विचारूनच. मूत्रपिंडांचं वर सांगितलेलं काम ते लवकर करवून घेतं. आम्हाला १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, असं सांगितलं होतं. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा पेयं बेचव लागतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. घरी एकदा घेऊन बघावी, डोंगरावर पहिल्यांदा नको. आणि गोळी घेतली म्हणून सरावाच्या रात्री वाचत नाहीत.

सामान दोघांत वाटताना एक नियम ठेवला. जे एकच पुरतं ते वाटायचं, ज्याच्याविना माणूस अडतो ते प्रत्येकाकडे वेगळं. पाणी गाळायचा फिल्टर एकाकडे, प्रथमोपचार आणि सॅटेलाइट मेसेंजर दुसऱ्याकडे. हेडटॉर्च, जादा सेल, वाऱ्याचं जॅकेट, पातळ डाउन जॅकेट, लोकरी टोपी, हातमोजे, खाणं आणि पाण्याच्या पिशव्या दोन्ही सॅकमध्ये. अंधारात दोघं शंभर पावलांनी दुरावले आणि एकाचीच टॉर्च चालू राहिली, तर दुसऱ्याने काय करायचं? दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पोर्टलला पहाटे आठ-दहा अंश असेल तर माथ्यावर वाऱ्यात गोठणबिंदूच्या आसपास धरून चालायचं. सुती बनियन घरी ठेवा, घामाने भिजलं की वाळत नाही. बूट जुने, चाललेले. पायाची नखं तीन-चार दिवस आधी कापलेली, कारण उतारावर बोटं पुढे आदळतात आणि नखं काळीनिळी पडतात.

खाण्याचं गणित तासाला दोनशे ते अडीचशे कॅलरींचं. पण १२,००० फुटांवर भूक मरते आणि तोंड कोरडं पडतं, तेव्हा घशाखाली काय उतरेल हा खरा प्रश्न. भाजणीचं थालीपीठ खाली रुचकर, वर मात्र घास फिरत राहतो. चॉकलेटचे बार थंडीत दगड होतात. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, त्यांत तूप-गूळ, छोट्या छोट्या गुंडाळ्या करून नेल्या, त्या शेवटपर्यंत चालल्या. खारे शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी, आणि मळमळीवर आवळकाठी. पाण्यात लिंबू, मीठ, साखर. साधं पाणी लिटर-लिटर पीत राहिलं आणि मीठ गेलंच नाही, तर डोकेदुखी विरळ हवेची की सोडियम उतरल्याची हेही कळत नाही.

परवान्याबरोबर मिळतात त्या मलपिशव्या. पोर्टल सोडल्यावर वाटेत शौचालय नाही. पूर्वी दोन तळांवर होती, ती काढून टाकली. ग्रॅनाइटच्या या कातळावर खड्डा खणता येत नाही आणि सगळ्यांचं पिण्याचं पाणी याच ओढ्याचं. म्हणून प्रत्येकाने आपली विष्ठा पिशवीतून खाली आणायची, असा नियम आहे. पिशवीत एक पूड असते, ती ओल शोषून घट्ट करते. आतली पिशवी बांधून बाहेरच्या जाड, झिपच्या पिशवीत ठेवायची आणि सॅकच्या बाहेरच्या खिशात. माणशी दोन न्या. उंचीवर पोटाचा भरवसा नसतो.

पोर्टलला अस्वलं येतात, खाण्याच्या वासाने गाडीचं दार वाकवतात. डबे, टूथपेस्ट, च्युइंगगम, लहान मुलाच्या सीटमधले बिस्किटांचे तुकडेसुद्धा काढून तिथल्या लोखंडी पेट्यांत ठेवायचे. आदल्या संध्याकाळी उजेडात गाडी लावून पेटी कुठे आहे ते पाहून ठेवलं तर पहाटेची वीस मिनिटं वाचतात.

परवाना मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. आम्ही पावणेतीनला निघालो. त्याचा हिशोब उलटा मांडला होता: बारा वाजता कुठेही असलो तरी परत फिरायचं, म्हणून साडेअकराला माथा, म्हणून पावणेदहाला ट्रेल क्रेस्ट, म्हणून सव्वासातला ट्रेल कॅम्प हा तळ. ही वेळ कागदावर लिहून दोघांच्या खिशात. दुसरा ठराव घरातून निघायच्या आधीच केला होता. दोघांपैकी कुणीही एकदा ‘फिरूया’ म्हणालं की दोघांनी फिरायचं, समजूत घालायची नाही. विरळ हवेत सगळ्यात आधी निर्णयबुद्धी जाते आणि हट्ट शाबूत राहतो. पुढे चालणार तो, ज्याचा वेग कमी. वेगवान माणूस मागे राहिला की दम लागत नाही, पुढे राहिला की दोघांनाही लागतो.

सुरुवातीची चाल मुद्दाम हळू. नाकाने श्वास घेत बोलता आलं पाहिजे. अंधारात पहिल्या मैलातच ओढे लागतात. पुढे ओंडक्यांचा लांब अरुंद पूल आहे, त्यावर दव गोठलेलं असू शकतं, काठ्या टेकत एकेकाने जायचं. २.८ मैलांवर लोन पाइन लेकचा फाटा, तिथपर्यंत एक तास चाळीस मिनिटं. याच्या वर परवान्याचा पट्टा सुरू होतो. ३.८ मैलांवर आउटपोस्ट कॅम्प, १०,३६० फूट. मग मिरर लेक, त्यावर कातळातल्या उंच पायऱ्या. इथे गुडघे पहिल्यांदा कुरकुरतात. ट्रेलसाइड मेडोपर्यंत झाडं संपतात आणि राखाडी ग्रॅनाइटशिवाय काही उरत नाही. साडेसहाच्या सुमारास सूर्य आला की समोरचे सुळके आधी गुलाबी, मग पिवळे होतात. फोटोसाठी पाचच मिनिटं, घामेजलेलं अंग लगेच गारठतं.

ट्रेल कॅम्प, ६.३ मैल, १२,००० फूट. पाण्याची भरवशाची शेवटची जागा हीच. इथून माथा आणि परत, जवळपास नऊ मैल पाणी नाही. प्रत्येकी तीन लिटर भरलं. फिल्टर रात्रभर गोठू दिला असेल तर त्यातल्या सूक्ष्म नळ्या तडकतात आणि बाहेरून कळत नाही. म्हणून तो झोपताना स्लीपिंग बॅगेत आणि चालताना आतल्या खिशात. पाणी भरताना सॅक उघडी टाकू नका. इथले मार्मोट, खारीच्या कुळातले मांजराएवढे प्राणी, खाण्यासाठी सॅकचं कापड कुरतडतात. इथेच वीस मिनिटं बसून एकमेकांना तपासायचं. डोकं दुखतंय का, सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येतंय का. सौम्य डोकेदुखी असेल तर थांबून खाऊन-पिऊन बघता येतं. उलट्या, तोल जाणं, बसल्या जागी धाप किंवा खोकला असेल तर ताबडतोब खाली, दोघांनीही. यावर दुसरा खात्रीचा इलाज नाही.

पुढे प्रसिद्ध ९९ वळणं. सव्वादोन मैलांत जवळपास १,७०० फूट. मोजायला लागलात तर आकडा जुळणार नाही आणि जीव मेटाकुटीला येईल, त्यापेक्षा पावलं आणि श्वास जुळवा. दोन पावलांना एक श्वास, वर गेल्यावर एका पावलाला एक. दर पाऊल टाकताना मागचा गुडघा क्षणभर ताठ करायचा, म्हणजे वजन हाडांवर येतं आणि मांडीला तेवढी उसंत मिळते. साधारण मध्यावर लोखंडी तारांचे कठडे येतात. या सावलीतल्या कोपऱ्यात पाणी झिरपतं, त्यामुळे आसपास कोरडं असलं तरी इथे बर्फ सापडतो. उतरताना तो वितळून ओला किंवा पुन्हा गोठून काचेसारखा झालेला असतो. तार धरा, पण थंड लोखंडाला हातमोज्यांनीच.

ट्रेल क्रेस्ट ही खिंड, ८.५ मैल, १३,६०० फुटांच्या वर. पलीकडे सिक्वोइया राष्ट्रीय उद्यान आणि तळ्यांनी भरलेलं खोरं एकदम उघडतं. जिथे सगळ्यात जास्त माणसं मनाने खचतात ती जागाही हीच, कारण इथून वाट चक्क खाली जाते. कमावलेली उंची पायांदेखत जाते आणि मनात हिशोब येतो की परत येताना हीच चढायची आहे. अर्ध्या मैलावर जॉन म्युअर ट्रेल ही लांब पल्ल्याची वाट मिळते, तिथून माथा १.९ मैल. सुळक्यांच्या पश्चिम अंगाने आडवी वाट आहे, मोठमोठ्या दगडांवरून. मध्ये दोन सुळक्यांच्या फटींतून पूर्वेची दरी थेट पायाशी दिसते. वाट तिथे अरुंद आहे पण पुरेशी, फक्त वारा असेल तर काठ्या आवरून चाला. कीलर नीडल या सुळक्याच्या मागून गेल्यावर शेवटचा भाग नुसता सपाट दगडांचा चढ, आणि दगडी झोपडीचं पत्र्याचं छप्पर दिसलं की संपलं.

ही झोपडी स्मिथसोनियन संस्थेने १९०९ मध्ये खगोल-निरीक्षणांसाठी बांधली. वादळ आलं की तिच्यात शिरावंसं वाटतं, तो मोह टाळायचा. १९९० मध्ये आसऱ्याला आत बसलेल्यांवर वीज उतरून एकाचा मृत्यू झाला होता. ढगांचे पांढरे गड्डे दहा-अकराला वर वाढताना दिसले तर ट्रेल क्रेस्टच्या पुढे जाऊच नये, कारण पुढच्या दोन मैलांत आडोसा नाही आणि झटपट खाली उतरायची वाटही नाही. आम्हाला आकाश स्वच्छ मिळालं. नोंदवहीत नावं, अर्धा तास बसणं, दोन दशम्या. बाराला उठलो.

उतार सव्वासहा तासांचा, आणि आमच्या मते अवघड अर्धा भाग हाच. माथ्यावर पोचल्यावर अंगातला ताण सुटतो, खाणं-पिणं थांबतं, आणि दुपारी तीन वाजता वळणांवर ठेचा लागायला लागतात. बूट माथ्यावरच पुन्हा आवळले: टाच मागे घट्ट, वरच्या दोन भोकांत नाडीचा फास, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. काठ्या पाच सेंटिमीटर लांब केल्या. सव्वाला ट्रेल क्रेस्ट, पावणेतीनच्या आत ट्रेल कॅम्प, तिथे पुन्हा पाणी. सकाळी अंधारात चढताना कळल्या नव्हत्या त्या मिरर लेकच्या वरच्या पायऱ्या आता एकेक गुडघ्याएवढ्या दिसतात. तिथे आडवं होऊन, बाजूने उतरावं. शेवटचे तीन मैल कंटाळ्याचे. गाड्या दिसतात, आवाज येतो आणि वाट पुन्हा उलट वळते. हेडटॉर्च सॅकच्या तळाशी टाकू नका, सप्टेंबरात सात-सव्वासातला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच काळोख होतो. आम्ही सव्वासहाला पोर्टलला. एकूण साडेपंधरा तास.

वाटेच्या तोंडाशीच मलपिशव्यांची वेगळी पेटी आहे, पहिलं काम तिथे. दुसरं, पोर्टलच्या दुकानातला बर्गर, भूक आता एकदम परत आलेली असते. मग गावात आधीच ठरवलेली खोली. बारा-तेरा मैलांचा तीव्र उताराचा घाट आहे आणि पंधरा तास जागं राहिलेल्या माणसाला ब्रेक दाबायलाही मांडी साथ देत नाही, म्हणून लॉस एंजेलिस दुसऱ्या दिवशी. खोली घेताना तळमजल्याची मागा.